जन्मतःच बंद असलेले आतडे

घरात बाळंतपण झाले की पहिल्या दिवशी दोन प्रश्न ठरलेले असतात. मूल रडले का? आणि मुलाने शी केली का? दुसरा प्रश्न विचारणाऱ्या आजीबाई काही उगीच चौकशी करीत नसतात. ही पहिली शी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट असते. ती आली म्हणजे तोंडापासून खालपर्यंतचा रस्ता मोकळा आहे, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब बहुधा बरोबर निघतो. पण क्वचित, काही हजार जन्मांत एखाद्या वेळी, तो चुकतो. थोडीशी काळी शी होते, घरातली माणसे निश्चिंत होतात, आणि आतड्याचा रस्ता मात्र मध्येच कुठे तरी बंद असतो. मूल दूध ओढते, थोड्या वेळाने हिरवी ओकारी काढते, पोट फुगत जाते. कोणी म्हणते दूध बाधले, कोणी म्हणते एरंडेलाचं बोट चाटवा. दोन-तीन दिवसांत मूल हातचे जाते.

रस्ता बंद असताना शी झालीच कशी? प्रश्न साधा दिसतो; पण त्याच्या उत्तरात कित्येक अर्भकांचे प्राण अडकून पडले होते, आणि ते उत्तर प्रयोगाने सिद्ध व्हायला 1955 साल उजाडावे लागले. श्रोतेहो, आज आपल्यापुढे मांडायची आहे ती त्या उत्तराची हकीगत.

आधी आतल्या रचनेची थोडी ओळख करून घेऊ. पूर्ण दिवसांच्या बालकाचे लहान आतडे सुमारे अडीच मीटर लांब असते. जठराला लागून असलेल्या त्याच्या पहिल्या भागाला ग्रहणी म्हणतात. यकृतातून येणारे हिरवे-पिवळे पित्त ग्रहणीतच येऊन मिळते. म्हणून अडथळा त्या संगमाच्या खाली असला की ओकारी हिरवी होते. हे आतडे पोटात मोकळे पडलेले नसते. एका पातळ पडद्याने ते पाठीच्या बाजूला बांधलेले असते आणि त्या पडद्यातूनच रक्तवाहिन्या आतड्याकडे जातात. कित्येकदा जन्मतः आतड्याच्या दोन टोकांत संबंधच नसतो. वरचे टोक फुगून जाड झालेले, खालचे शेवईसारखे बारीक; आणि दोहोंच्या मध्ये त्या पडद्याचाही एक त्रिकोणी तुकडा नाहीसा झालेला. हा त्रिकोण लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आतड्याचे अगदी शेवटचे तोंड, म्हणजे गुदद्वार, बंद असले तर ते डोळ्यांना दिसते. त्यामुळे त्यावरचे उपाय फार जुने आहेत. सातव्या शतकातला ग्रीक वैद्य पॉल, एजायना बेटावरचा, याने सांगून ठेवले आहे की वरचा पापुद्रा बोटाने किंवा शस्त्राने फोडावा आणि वाट पुन्हा मिटू नये म्हणून पाचर घालून ती रुंद ठेवावी. नुसता पापुद्रा असेल तेथे हे चालते. पण आतडे खूप वरच थांबलेले असले म्हणजे? 1710 साली पॅरिसमध्ये लित्र नावाच्या वैद्याने असे एक मेलेले मूल उघडून पाहिले आणि सुचवले, की आतडे पोटाच्या भिंतीला आणून जोडावे व तेथेच नवी वाट करावी. सूचना कागदावर राहिली. पुढे 1793 साली, फ्रान्समध्ये राज्यक्रांतीची धामधूम चालू असताना, ब्रेस्ट बंदरातल्या ड्यूरे या शस्त्रवैद्यापुढे तीन दिवसांचे एक मूल आले. ड्यूरेने आधी एका मृत बालकाच्या देहावर ही क्रिया करून पाहिली आणि मग जिवंत मुलाच्या पोटाला डाव्या बाजूस वाट काढून दिली. भूल देण्याची विद्या अजून पन्नास वर्षे दूर होती, जंतूंची कल्पना त्याहूनही दूर. तरी ते मूल वाचले, आणि चांगले पंचेचाळीस वर्षांचे होईपर्यंत जगले! या साऱ्या इतिहासात इतकी सरळ आनंदाची गोष्ट पुन्हा फारशी भेटत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

पोटाच्या आत खोलवर असलेल्या अडथळ्याची गोष्ट वेगळी. लहान आतडे जन्मतः बंद असल्याचे वर्णन 1684 सालापासून सापडते. पण ते वर्णन मृत देहाचे. शस्त्रवैद्याने पोट उघडून दोन टोके जोडली आणि मूल जगले, असे प्रथम घडले 1911 साली, हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरी, फोकेन्स या शस्त्रवैद्याच्या हातून. एवढा मोठा विजय. आता धडाधड मुले वाचू लागतील असे वाटावे. तसे झाले नाही. 1951 साली एव्हान्स नावाच्या डॉक्टराने तोवर प्रसिद्ध झालेल्या अन्नमार्गाच्या जन्मजात बंद अवस्थांच्या नोंदी एकत्र केल्या. त्या भरल्या 1498, आणि त्यांतली वाचलेली मुले होती 139. शंभरात नऊ! आणि वैद्य आपले यश छापतात तितक्या उत्साहाने अपयश छापत नाहीत, हे ध्यानात घेतले तर खरा आकडा याहूनही वाईट असला पाहिजे.

का मरत होती ही मुले? जो तो म्हणे, जीवच केवढासा! त्यात तथ्य होते. दोन-अडीच किलोचे बाळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर गार पडते, ओकाऱ्यांनी त्याच्या अंगातले पाणी आणि क्षार गेलेले असतात, त्याला भूल देणे ही स्वतंत्र विद्या आहे, आणि ती विद्या विसाव्या शतकाच्या मध्यावर कुठे नीट जमू लागली. पण गंमत अशी, की शिवण व्यवस्थित पडली, मूल भूलेतून उठले, दोन दिवस बरे दिसले, आणि तरीही जोडलेल्या आतड्यातून पुढे काहीच सरकले नाही, असे पुनःपुन्हा घडत होते. किंवा शिवणच सुटे. म्हणजे दोष निव्वळ मुलाच्या दुबळेपणाचा नव्हता. दोष होता तो काही अंशी एका सिद्धान्ताचा.

तो सिद्धान्त व्हिएन्नाचा. 1900 साली तेथील यूलियुस टांडलर या शरीरशास्त्रज्ञाने गर्भाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्याला आढळले की गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात ग्रहणीची नळी काही काळ पेशींनी भरून घट्ट होते आणि नंतर पुन्हा पोकळ होत जाते. हे पुन्हा पोकळ होणे राहून गेले तर मूल बंद ग्रहणी घेऊन जन्माला येईल, असे त्याचे अनुमान. अनुमान उत्तम होते. हा टांडलर नुसता प्रयोगशाळेत बसणारा नव्हता, बरं का. पहिल्या महायुद्धानंतर तो व्हिएन्ना नगरपालिकेत लोककल्याण खात्याचा प्रमुख झाला, आणि शहरात जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाला कपड्यांचे एक गाठोडे फुकट मिळावे अशी व्यवस्था त्याच्या कारकिर्दीत झाली. तेव्हा माणसाविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्यांविषयी. टांडलरने जे ग्रहणीपुरते पाहिले होते ते पुढच्यांनी साऱ्या आतड्याला लागू केले. सगळीकडचे आतडे दुसऱ्या महिन्यात भरते आणि कुठे तरी उघडायचे राहते, असे पाठ्यपुस्तकांत बसून गेले. याचा शस्त्रवैद्याने काय अर्थ घ्यावा? हाच, की नळी मुळातच तशी घडली आहे, टोके निरोगी आहेत, फक्त मधली वाट करून द्यायची आहे. म्हणून तो फुगलेले टोक आणि बारीक टोक एकमेकांना जोडून मोकळा होई.

या समजुतीवर एक तपासणीही उभी राहिली होती. बॉस्टनच्या सिडनी फार्बरने, पुढे रक्ताच्या कर्करोगावरील औषधांमुळे ज्याचे नाव झाले त्याच फार्बरने, 1933 साली सुचवले की मुलाची पहिली शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. गर्भ पोटात असताना भोवतालचे पाणी गिळत असतो. त्या पाण्याबरोबर त्याच्या कातडीच्या सुट्या पेशी पोटात जातात आणि शीत उतरतात. शीत या पेशी नसतील तर वाट बंद आहे असे समजावे. युक्ती मोठी सुबक होती. पण पेशी सापडल्या म्हणजे वाट मोकळी, असे उलट मात्र म्हणता येत नाही, हे हळूहळू अनुभवाला येऊ लागले. आजीबाईंचा हिशेब चुकत होता तेथेच सूक्ष्मदर्शकाचाही हिशेब चुकू लागला.

आता आपण लंडनला येतो. 1951 च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनचे शस्त्रवैद्य जानी लाऊ तेथे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात अभ्यासाला आले होते. आतडे बंद असलेल्या 79 मुलांची प्रकरणे त्यांनी ओळीने अभ्यासली आणि त्यावरचा लेख 1952 साली प्रसिद्ध केला. त्यांच्या मनात भरली ती गोष्ट अशी. अडथळ्याच्या खालच्या आतड्यातही पुष्कळदा पित्त सापडते, गिळलेल्या कातडीच्या पेशी सापडतात, गर्भाच्या अंगावरची बारीक लव सापडते. पित्त काही दुसऱ्या महिन्यात तयार होत नाही, ते त्यानंतर होऊ लागते. आणि अंगावर लव यायला तर निम्मे दिवस भरत येतात. मग या वस्तू बंद दारापलीकडे गेल्या कशा? एकच उत्तर संभवते. त्या गेल्या तेव्हा दार उघडे होते. आतडे चांगले घडले होते, चालू होते, आणि नंतर केव्हा तरी, गर्भाच्या उत्तरार्धात, त्याच्यावर काही आघात झाला.

कसला आघात? येथे तो पडद्यातला नाहीसा झालेला त्रिकोण बोलू लागतो. पडदा नाही म्हणजे त्यातल्या रक्तवाहिन्या नाहीत. आतड्याला पीळ पडला, एखादा वेढा दुसऱ्यात शिरला, नाळेजवळच्या छिद्रात आवळला गेला, की त्या भागाचे रक्त तुटते आणि तो तुकडा मरतो. जन्मानंतर असे झाले तर पोटात जंतूंचा विष पसरून माणूस जातो. पण गर्भाच्या आतड्यात जंतू नसतात. मेलेला तुकडा गुपचूप विरघळून जातो, टोके मिटतात आणि गर्भ वाढत राहतो. खरे म्हणजे रक्त तुटण्याची ही शंका इंग्लंडमध्ये स्प्रिग्ज नावाच्या डॉक्टराने 1912 सालीच बोलून दाखवली होती. पण टांडलरच्या सिद्धान्तापुढे तिला कोणी पुसले नाही. शंकेला पुरावा नव्हता ना!

पुरावा उभा करण्याचे काम लाऊंनी केपटाउनला परतल्यावर आपल्या हाताखालच्या एका तरुण डॉक्टरवर सोपवले. तिशी नुकती ओलांडलेला, ब्यूफोर्ट वेस्ट गावातल्या एका पाद्र्याचा हा मुलगा भलताच चिकाटीचा होता. काम असे. गाभण कुत्रीला भूल द्यायची, तिचे गर्भाशय उघडायचे, आतल्या पिलाचे इवलेसे पोट उघडून आतड्याकडे जाणाऱ्या एक-दोन रक्तवाहिन्या बांधून टाकायच्या, पिलू परत आत ठेवून सर्व शिवायचे, आणि पिलू दिवस भरून जन्माला येते का त्याची वाट पाहायची. कुत्रीचे दिवस सारे त्रेसष्ट. पिले मरत, गर्भपात होत. एक नाही, दोन नाही, नऊ महिने असे गेले. त्रेचाळीसावर कुत्र्यांचे प्रयोग झाल्यानंतर एकदाचे असे पिलू जन्मले, की ज्याचे आतडे मध्ये तुटलेले होते, वरचे टोक फुगलेले, खालचे बारीक, आणि पडद्यात तोच त्रिकोण. माणसाच्या मुलात दिसते तेच चित्र हुबेहूब! 1955 साली लाऊ आणि त्यांच्या या सहकाऱ्याने ते ‘लॅन्सेट’मध्ये जगापुढे ठेवले. त्या मुक्या जनावरांचा हिशेब या हकीगतीतून वगळणे मला बरे वाटत नाही. पुढे वाचलेल्या मुलांच्या खात्याशेजारी तोही मांडलेला असावा.

कारण कळताच उपाय आपोआप बदलला. रक्ताच्या तुटवड्याने जो भाग मेला त्याच्या कडेची टोकेही अर्धपोटीच जगत आलेली असतात. ती फुगलेली पिशवी आकाराने मोठी दिसते, पण तिच्यात पुढे ढकलण्याचा जोर नसतो, आणि तेथे घातलेली शिवण धरत नाही. शस्त्रवैद्य आजवर नेमकी तीच दुबळी टोके जपून ठेवीत होते. बालकाचे आतडे जितके वाचवता येईल तितके वाचवावे, असा त्यांचा सद्हेतू. लाऊंनी उलट केले. टोकाकडचे पंधरा-वीस सेंटिमीटर आतडे कापून काढायचे आणि जेथे रक्त चांगले खेळते आहे अशा ठिकाणी जोड द्यायचा. अडीच मीटरमधले वीस सेंटिमीटर गेले तर मुलाचे काही अडत नाही. या पद्धतीने केपटाउनमध्ये दहा बालके वाचली, आणि मग इंग्लंड-अमेरिकेतल्या शस्त्रवैद्यांनी ती उचलली.

त्या चिकट तरुणाचे नाव अजून सांगितले नाही. ख्रिस्तियान बर्नार्ड. होय, तेच. 1967 सालच्या 3 डिसेंबरला केपटाउनमध्ये माणसाचे हृदय बदलणारे. जगाने त्यांना त्या एका रात्रीमुळे ओळखले. त्यांचा हा आधीचा उद्योग वैद्यकाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो.

टांडलर मात्र साफ चुकला असे कोणी समजू नये. त्याने जो भाग तपासला त्या ग्रहणीपुरते त्याचे म्हणणे आजही मानले जाते. ग्रहणी बंद असलेल्या मुलांचे दुखणे खरोखरच गर्भाच्या आरंभीचे असते, म्हणून त्यांच्यात दुसरीही व्यंगे पुष्कळदा आढळतात. अशा मुलांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा डाउनच्या विकाराची, म्हणजे बुद्धीने मंद राहणारी असतात. आणि येथे शस्त्रवैद्याच्या कौशल्याचा प्रश्न संपून दुसराच उभा राहिला. 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेत, बाल्टिमोरच्या एका नामांकित रुग्णालयात असे एक मूल जन्माला आले. ग्रहणीचा अडथळा दूर करणे तोवर हातचे झाले होते. आईबापांनी संमती नाकारली, डॉक्टरांनी ती नकारघंटा मान्य केली, आणि पाळण्यावर ‘तोंडाने काही देऊ नये’ अशी सूचना लागली. पंधरा दिवसांनी ते मूल उपासाने गेले. या पंधरा दिवसांत पाळ्या बदलत होत्या, परिचारिका येत-जात होत्या, मूल रडत होते. 1971 साली या घटनेवर ‘जगावे कोणी?’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट निघाला आणि अमेरिकेत मोठे वादंग माजले. त्या आईबापांना दोष देणे सोपे आहे. त्यांची भीती मी समजू शकतो. परंतु हेच मूल साध्या बुद्धीचे असते तर त्याच डॉक्टरांनी न्यायालयाची परवानगी आणून शस्त्रक्रिया केली असती. अडथळा तोच, शिवण तीच. मुलाला मरू दिले ते आतड्यापायी नव्हे.

ज्यांचे आतडे फारच थोडे शिल्लक राहते त्यांचे काय, हाही प्रश्न होताच. वाट मोकळी झाली तरी अन्न शोषायला लांबी हवी. फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीगल जातीच्या पिलांना सर्व पोषण फक्त शिरेतून देऊन वाढवून दाखवले. 1967 साली जवळजवळ सारे लहान आतडे बंद असलेली एक मुलगी तेथल्या मुलांच्या रुग्णालयात होती. तिच्या मोठ्या शिरेत नळी घालून साखर, प्रथिनांचे घटक, क्षार, जीवनसत्त्वे थेंबाथेंबाने दिली. मुलगी वाढू लागली; वजन वाढले, डोक्याचा घेरही वाढला. तोंडाने काही न खाता मूल वाढते हे जगाने प्रथमच पाहिले. ती सुमारे बावीस महिने जगली. तिच्यामागून ही सोय हजारो मुलांना मिळाली.

आज जेथे साधने आणि शिकलेली माणसे आहेत तेथे शंभरातली नव्वदांहून अधिक मुले वाचतात. गर्भजल प्रमाणाबाहेर वाढले तर जन्माआधीच ध्वनिचित्रावर संशय येतो. जन्मानंतर क्ष-किरणांच्या चित्रात ग्रहणीचा अडथळा शेजारी-शेजारी बसलेल्या हवेच्या दोन बुडबुड्यांसारखा दिसतो. मुले दगावतात ती मुख्यतः वाटेत आणि वाट पाहण्यात. म्हणून एवढे पक्के समजावे, की पहिल्या दिवसांतली हिरवी ओकारी दुधाची नव्हे. शी झालेली असो वा नसो, मूल त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेले पाहिजे.

आणि जाताना एक गोष्ट बरोबर असावी लागते. ती आहे नळी. बर्नार्ड 1956 ते 1958 या काळात अमेरिकेत मिनेसोटाला शिकायला गेले, ते ओवेन वांगेन्स्टीन यांच्याकडे. तुंबलेल्या आतड्यातला वारा आणि पाणी नाकातून घातलेल्या नळीने सतत शोषून घ्यावे, म्हणजे रोग्याला शस्त्रक्रियेपर्यंत उसंत मिळते, हे 1930 नंतरच्या वर्षांत रूढ केले ते याच गृहस्थांनी. तालुक्याच्या दवाखान्यातली परिचारिका आज हिरवी ओकारी काढणाऱ्या बाळाच्या नाकातून बारीक नळी जठरात घालते, तिचे तोंड उघडे ठेवते, बाळाला कापसात आणि दुपट्यात गुंडाळून आईच्या छातीशी देते, आणि मग गाडी शहराकडे निघते.